वाटेची पाटी

तीन दिवस खळ न पडता कोसळणारं बर्फ पहाटे थांबलं आणि मात्सुएला जाग आली. बर्फाला आवाज नसतो असं म्हणणारी माणसं एक तर शहरातली असतात, नाही तर झोपेला पक्की. पडतं बर्फ म्हणजे घरावर टाकलेली गोधडी. आतली धग, माणसाचा श्वास, उंदराची खुडबुड, सगळं त्याखाली उबेला राहतं. ते थांबलं आणि आभाळ उघडलं की कुणी तरी गोधडी ओढून घेतल्यासारखा गारठा आत घुसतो, आणि माळ्याच्या तुळया एकेक करून कडाडायला लागतात. लहानपणी हे कडाडणं ऐकलं की मात्सुए आईच्या कुशीत शिरायची. आता कूस नव्हती. तिने दोन्ही गुडघ्यांना चार शिव्या घातल्या आणि उठली.

शेगडी पेटवली, किटली चढवली. पहिल्या वाफेच्या भाताच्या दोन चिमुकल्या वाट्या पूर्वजांच्या कपाटात ठेवल्या, एक आईपुढे, एक नवऱ्यापुढे. घंटी वाजवली, हात जोडले, नवऱ्याला म्हणाली की आज थंडी आहे, तू आहेस तिथंच बरा आहेस. मग कानटोपी चढवून ती दारापुढच्या फळ्यांच्या पडवीत आली, कारण हिवाळ्यात दिवसाची सुरुवात तिथून होते. पडवीच्या खांबाला एक खुंटी आहे. तिच्यावर पाटी आहे की नाही, एवढं बघायचं.

पाटी नव्हती.

मात्सुएने हात फिरवून बघितला. खाली पडली असेल म्हणून झाडूने कोपरे चाचपले. बाहेरचं दार सरकवून उंबऱ्यापाशी पाहिलं. तिथं कमरेएवढं कोरं बर्फ उभं होतं, आणि त्यावर कुणाच्या पावलाचा ठिपका नव्हता.

कुरोइवा गावात वाट तुडवायची पाळी घरोघर फिरते. रात्रीत पडलेलं बर्फ पहाटे पायांनी दाबून त्यात माणूस चालेल अशी वाट करायची, पोरं शाळेत जायच्या आत. ज्याची पाळी त्याने तुडवायची आणि संध्याकाळी पुढच्या घराच्या खुंटीला पाटी लावून यायची. पाटी म्हणजे देवदाराची तळहाताएवढी फळी, हातांच्या मळाने काळी झालेली. तिच्यावर कधी काळी एका आजोबांनी तासून लिहिलंय : उद्याची वाट तुमची. पूर्वी ही पाटी परत आपल्या दारी यायला पंधरवडा लागायचा, एवढी घरं होती. आता दोनच उरली. विहिरीचं घर, म्हणजे मात्सुएचं, आणि त्याच्या वर, डोंगराच्या खांद्यापलीकडे, उगवतीचं घर, तामोत्सुचं. खाली देवळाच्या वळणापर्यंत बर्फ ढकलणारं यंत्र येतं. तिथून वर अरुंद चढण आणि दगडी पायऱ्या. तिथं यंत्राचं काही चालत नाही. म्हणून पाटी अजून चालू होती. आज तिच्या खुंटीला, उद्या त्याच्या. एका मुलाने दोन भिंतींमध्ये चेंडू टाकत बसावं तशी.

काल पाळी तामोत्सुची होती. त्याने पहाटे तुडवली होती. भर बर्फात त्याची कांजिकी, म्हणजे वेताच्या कड्यांची बर्फचपला, धप्प-सर्र धप्प-सर्र करत दारावरून गेलेली तिने अंथरुणातून ऐकली होती. संध्याकाळी तो पाटी घेऊन यायचा. आला नव्हता. आणि तामोत्सु पाटी विसरला, असा हिवाळा मात्सुएच्या आयुष्यात झालेला नव्हता. बायकोला अग्नी दिला त्या संध्याकाळीसुद्धा काळ्या कोटावर बर्फ झेलत येऊन तो पाटी लावून गेला होता.

तरीही मात्सुएने काय केलं, तर आत जाऊन चहा ओतला आणि बसून राहिली. हे दुसऱ्या कुणाला सांगून पटायचं नाही. पण पाटी आली नाही म्हणजे आजची वाट आपली नाही, हे तिच्या हाडात भिनलेलं होतं. दुसऱ्याच्या पाळीला वाट तुडवणं म्हणजे त्याला चारचौघांत आळशी म्हणणं. तिच्या लहानपणी सुताराच्या घराने असाच भलेपणा करून एका आजारी माणसाची पाळी उरकली, तर ती दोन घरं मुलांची लग्नं होईपर्यंत एकमेकांशी बोलली नाहीत. म्हणून ती कान देऊन बसली. आता येईल धप्प-सर्र. आला की म्हणायचं, काय रे, पाटी काय उशाला घेऊन झोपलास?

चहा निवला. वरून काही आलं नाही. फोन उचलला तर तो कालपासून मुका होता. कुठे तरी तार तुटली असणार. मग ती मागच्या दारी गेली आणि वर बघितलं. उजाडत होतं. खांद्यापलीकडचं घर इथून दिसत नाही, पण धूर दिसतो. हिवाळ्यात रोज याच वेळी तिथून धुराची सरळ काडी वर चढते, आणि ती दिसली की मात्सुए मनात म्हणते, आहे.

आज काडी नव्हती.

आता मात्र ती मागचं दार लोटून आत वळली. तेरवाचं बोलणं आठवलं. पाटी लावायला आला तेव्हा तामोत्सु पडवीत बर्फ झटकत उभा राहिला होता. त्याची मुलगी हिसामी निइगाता शहरात असते. ती गेली दोन वर्षं बापाच्या मागे लागली होती की खाली या, आमच्याकडे बर्फ फूटभर पडतं नि ते पण दुपारी वितळतं. तामोत्सु म्हणाला होता, की या सालचं बर्फ बघतो आणि जातो. मात्सुए मुळा किसत होती. मान वर न करता म्हणाली, “जा की. कुनी धरलंय तुला?”

हे शेवटचं बोलणं.

कांजिकीने हे बर्फ भागणार नव्हतं. एवढ्या भुसभुशीत थरात त्या मांडीपर्यंत रुतल्या असत्या. तिने शिडी लावून पडवीच्या आढ्यावरून आईच्या सुकारी काढल्या. सुकारी म्हणजे कांजिकीच्या आज्याच. ताटाएवढ्या रुंद, कांजिकीच्याही खाली बांधायच्या, पुढच्या टोकाला दोरी. पायाने त्या उचलत नाहीत. हाताने दोरी ओढायची, मग पाय पुढे येतो. उचल, ठेव, वजन टाक, थांब. बर्फ खाली बसल्याचा दबका सुस्कारा ऐकू आला की दुसरा पाय. तिने दोऱ्या ताणून बघितल्या. आईने शेवटच्या हिवाळ्यात बदललेल्या त्या दोऱ्या होत्या, त्याही आता जुन्या झाल्या होत्या, पण ताण धरत होत्या. थर्मासमध्ये चहा, दोन भाताचे गोळे आत आंबट आलुबुखार घालून, खांद्याला फावडं. आणि पाटी नसताना, कुणाचीही पाळी नसताना, मात्सुएने पहिलं पाऊल टाकलं.

उचल, ठेव, वजन टाक, थांब.

तिची आई ही वाट अशीच तुडवायची. वडील हिवाळाभर दूर पश्चिमेला दारूच्या भट्टीवर साके गाळायला जायचे. कुरोइवातले सगळेच बाप जायचे. गावात उरायच्या बायका, म्हातारे आणि पोरं. अंधार असतानाच आई कंदील छातीला बांधून पुढे, आणि मागे शाळेची पोरं, एकाच्या पावलात दुसऱ्याचं पाऊल. प्रत्येक दारातून एकेक पोर येऊन रांगेला चिकटायचं. आईच्या पाठीवरून वाफ निघायची आणि कंदिलात ती सोन्यासारखी दिसायची. मात्सुएची जागा आईच्या लगेच मागे. तिला वाटायचं, जग असं रोज नव्याने करावं लागतं आणि ते करणारी बाई आपली आई आहे. रात्री कुणी तरी सगळं पुसून टाकतं. पहाटे आई उठते, दोऱ्या ओढते, आणि वाट होते, देऊळ होतं, शाळा होते. हे तिने एकदा शाळेत मास्तरांना सांगितलं, तर मास्तर हसले नाहीत. काच पुसून खिडकीतून बाहेर बराच वेळ बघत राहिले.

पहिल्या चढावरच तिला घाम फुटला. थांबली. आभाळ कोवळ्या जांभळासारखं झालं होतं आणि बर्फावर तोच रंग उतरला होता. ना कावळा, ना पाण्याचा आवाज. आपल्याच कानातलं रक्त वाहताना ऐकू येईल इतकं गप्प. असं गप्प तिने पुष्कळदा ऐकलं होतं; तरी दर वेळी देवळात पाऊल टाकल्यासारखी ती मान झुकवायची. पन्नाशीपर्यंत तिने हिवाळे पलीकडच्या खिंडीतल्या बर्फावर घसरायच्या खेळाच्या हॉटेलात काढले, सैपाकघरात, शेवयांच्या कढईपाशी. तिथं शहरातली माणसं पैसे देऊन पडायला यायची. पडून पडून जेवायला आली की ओरडून सांगायची, काय बर्फ आहे! मात्सुए वाडगी भरायची आणि मनात म्हणायची, तुम्ही अजून बघितलंय कुठं.

कारण तिने बघितलं होतं. ती नऊ वर्षांची होती त्या साली.

त्या वर्षी बर्फ नव्या वर्षाच्या मोच्या, म्हणजे कुटलेल्या भाताच्या वड्या, संपायच्या आत सुरू झालं आणि थांबायचं विसरलं. आधी खालच्या खिडक्या गेल्या. मग दारं. घरात दिवसाही दिवा. तोही एके दिवशी गेला, मग कंदील. छपरावरचं बर्फ खाली टाकायचं, पण खाली जागा राहिली नाही, तेव्हा बायका ते वर टाकायला लागल्या. घरात शिरायचं म्हणजे बर्फात कोरलेल्या पायऱ्यांनी खाली उतरायचं, विहिरीत उतरावं तसं. पोरांना ताकीद होती की विजेच्या तारेला हात लावायचा नाही, कारण तारा पोरांच्या गुडघ्याला लागत होत्या. शाळा बंद. मात्सुए आणि तिची भावंडं कोतात्सुच्या, म्हणजे खाली निखारे ठेवलेल्या बैठ्या मेजाच्या उबेत, रजईखाली पाय एकमेकांत अडकवून पडलेली असायची. आई रोज भाजलेल्या मोचीचे तेवढेच तुकडे करायची आणि हिशेब केल्यासारखी आढ्याकडे बघायची.

मग एका पहाटे तुळया कडाडल्या.

आईने माळ्याची खिडकी उघडली आणि बाहेर शिडी लावली. वर. खिडकीतून वर चढायचं होतं. मात्सुए तिच्यामागून चढली, आणि डोकं बाहेर काढलं. गाव नव्हतं. कुरोइवा म्हणून काही नव्हतंच. डोंगरापासून डोंगरापर्यंत एकच पांढरी सपाटी, वर ऊन्ह, एवढं लख्ख की डोळ्यातून पाणी यावं. छपरं नाहीत, देऊळ नाही, झाडं नाहीत. आणि त्या सपाटीत इथंतिथं लहान भोकं, आणि भोकांतून धूर. जमीनच श्वास घेतेय असं वाटत होतं. खाली कुणी तरी भलं मोठं, अंगावरचा केसही न हलवता झोपलेलं आहे, आणि आपण त्याच्या पोटावर उभे आहोत.

“हा आपला,” आई बोट दाखवत म्हणाली. “तो सुताराचा. तो कोपऱ्यावरच्या घराचा, काळा, ओली लाकडं जाळत्यात मेले. तो देवळाखालच्यांचा.” अशी ती धुरावरून गाव वाचत गेली. पार वरच्या टोकाला आली आणि तिचं बोट तसंच हवेत राहिलं. उगवतीच्या घराचा धूर नव्हता.

पाटी त्या वेळी कुणाच्या खुंटीला होती कुणास ठाऊक. खुंट्याच बर्फात गाडल्या होत्या. आईने विचारलंही नाही. याच सुकारी बांधल्या आणि निघाली. मग प्रत्येक भोकातून एकेक बाई बाहेर आली आणि आईच्या मागे लागली. कुणी हाक मारली नव्हती. वरच्या सपाटीला पोचल्यावर सगळ्या थांबल्या, कारण घर कुठं शोधायचं हेच कळेना. सगळीकडे सारखं पांढरं. तेव्हा मात्सुएनेच ते आधी पाहिलं. समोर, नितळ बर्फातून, एक लाल चिंधी उगवली होती. आणि ती हलत होती. वारा नव्हता. ती आपली आपण डावीकडे, उजवीकडे, डावीकडे.

खाली माळ्याच्या खिडकीतून तामोत्सुने वेळूची काठी बर्फात खुपसून वर काढली होती, टोकाला आईच्या कंबरपट्ट्याची चिंधी बांधून. धुराडं बुजलं होतं, गुदमरू नये म्हणून त्यांनी चूल विझवली होती, आणि सगळे रजयांखाली बसून होते. बायकांनी उकरून खिडकी मोकळी केली तर आतून पहिला त्याचाच चेहरा दिसला, शेंबूड गोठलेला. नऊ वर्षांचाच तोही. तो म्हणाला, “लई येळ लावला. माझा हात दुखाया लागला.”

पुढचे दिवस म्हणजे पोरांचं राज्य होतं. छपरावरून घसरगुंडी, घरातून घरात बोगदे, बर्फात कोनाडा कोरून त्यात दिवा. पुढे दुपारी बर्फ वितळून रात्री गोठायला लागलं, आणि वर अशी घट्ट साय धरली की सकाळी त्यावरून कुठंही चालावं. वाटेची गरजच नव्हती. कुंपण नाही, बांध नाही, ओढा नाही. शाळेत सरळ रेषेत जायचं, सुताराच्या परसावरून, देवळाच्या कमानीवरून. खांद्यावरच्या पर्सिमॉनच्या झाडाचा फक्त शेंडा बाहेर होता. त्या शेंड्यावर एक फळ झाडासाठी ठेवायची आपली रीत. माणसाने तोडायचं नाही. एरवी ते इतकं उंच की कुणाच्या मनातही यायचं नाही. त्या साली ते मात्सुएच्या गुडघ्याशी होतं. काळपट, सुरकुतलेलं, गोठून काचेसारखं. ती आणि तामोत्सु त्याच्या दोन बाजूंना उकिडवी बसली, हात पाठीमागे धरून. फळाच्या आत ऊन्ह शिरलं होतं आणि ते निखाऱ्यासारखं पेटलं होतं. दोघांनी वास घेतला. कुणी बोट लावलं नाही. मग तामोत्सु हळूच म्हणाला की झाड आपल्याकडं बघतंय, आणि दोघं शाळेपर्यंत पळत सुटली.

तेच झाड आता समोर होतं. वठलेल्या अर्ध्या फांद्या, बुंधा बर्फात. त्याच्या पलीकडे खांदा उतरला की उगवतीचं घर. मात्सुए झाडाला टेकून उभी राहिली, श्वास जमवला, आणि डोळे मिटून घेतले, कारण खांद्यापलीकडे बघायचं धाडस होईना. मिटल्या डोळ्यांपुढे लाल चिंधी हलत होती. म्हटलं, असू दे. काही तरी हलत असू दे. आणि दोरी ओढली.

घर होतं. पण छपरावरचं सगळं बर्फ एका दमात खाली आलं होतं आणि पुढचं दार, पडवी, शेगडीचं धुराडं, सगळं त्याखाली गेलं होतं. माळ्याच्या खिडकीच्या चौकटीपर्यंत ढिगारा. काठी नाही, चिंधी नाही. काहीच हलत नव्हतं.

तिने हाक मारली. आवाज बर्फाने शोषून घेतला. पुन्हा मारली, या वेळी शिवीसकट.

माळ्याची खिडकी टीचभर सरकली. आतून रजईचा एक डोंगर दिसला, आणि डोंगराच्या टोकाला तामोत्सुची तांबडी टोपी.

“पाटी मिळाली का?” डोंगर म्हणाला.

मात्सुए तिथंच बर्फात बसली. बसल्या बसल्या तिने त्याला मेल्या, मुडद्या, असं बरंच काही ऐकवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग रजईतून जी हकिकत सांगितली ती अशी : काल अंधार पडायच्या आधी तो पाटी घेऊन निघाला, दार उघडलं, आणि वरचं बर्फ कोसळलं. मागे उडी मारताना कमरेत लचक भरली. उभं राहता येईना. फोन मुका. धुराडं वाकलेलं म्हणून शेगडी पेटवली नाही. जिन्यावर बसून, एकेक पायरी उलटं सरकत तो माळ्यावर आला आणि घरातल्या सगळ्या रजया अंगावर घेतल्या. हे सगळं ठीक होतं. पण पाटी हातात होती. आणि संध्याकाळ होत होती.

“मग?”

“मग काय. खिडकीतनं फेकली.”

“कुठं?”

“तुझ्या घराकडं.” तो रजईतून एक हात काढून खांद्याकडे दाखवत होता. “पुरी पोचली नसंल. पर दिशा बरोबर हुती.”

मात्सुएने मागे वळून बघितलं. खिडकीपासून खांद्यापर्यंत पसरलेलं ते एवढंथोरलं बर्फ, रात्रभर त्यावर आणखी पडलेलं. त्याच्या पोटात कुठं तरी तळहाताएवढी फळी. आणि तिला हसू फुटलं. बर्फात बसून ती हसत सुटली, डोळ्यातून पाणी येऊन गालावर गोठेपर्यंत.

“हसतीस काय? शाळेत गोळा सगळ्यात लांब कुनाचा जायचा?”

“तुजा कदीच न्हाई गेला.”

“एकदा गेलता.”

“वारा हुता त्या दिवशी.”

ढिगाऱ्यावरून खिडकीत शिरणं सोपं होतं. सुकारी सोडून तिने पाय आत टाकला, आणि बर्फातून थेट माळ्यावर उतरताना तिला क्षणभर कळेना की आपलं वय काय. तिने त्याला थर्मासमधला चहा पाजला. पेला त्याच्या हातात ठरेना म्हणून तिने धरला. भाताचा गोळा त्याने मुकाट्याने खाल्ला. आलुबुखार आंबट आहे म्हणून कुरकुरला, तेव्हा तिला खात्री पटली की माणूस जगतोय.

मग सूर्य पूर्वेच्या कड्यावरून वर आला. या घराला उगवतीचं घर उगीच म्हणत नाहीत. कुरोइवात पहिलं ऊन्ह इथं पडतं. आधी समोरचा डोंगर गुलाबी झाला, मग प्रकाश उतारावरून सरसरत खाली आला, आणि खिडकीबाहेरचं सगळं बर्फ एकदम पेटलं. प्रत्येक कण वेगळा. सत्तर हिवाळे बघितलेली दोन माणसं खिडकीत तोंड उघडं टाकून बसली होती. त्या पांढऱ्या पेटलेल्या पसाऱ्यात एकच रेघ होती, खांद्यावरच्या झाडापासून खिडकीपर्यंत आलेली, निळ्या सावलीने भरलेली. मात्सुएची वाट.

“मी बगत हुतो,” तामोत्सु म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “तू झाडापाशी आलीस तवा उजाडाया लागलं हुतं. ऊन्ह न्हवतं. वाकलेली, दोऱ्या वडत, पाठीवर वाफ. मला वाटलं, तुजी आई आली. मला न्यायाला. मी म्हटलं, बरं झालं, वळखीचं मानूस धाडलं.”

मात्सुएने पेला पुसून थर्मासला लावला. आईच्या त्या वाफेकडे बघत चालणारी मुलगी कोण होती आणि आज तिच्याकडे बघणारा कोण, हे तिच्या मनात क्षणभर एकमेकांत मिसळून गेलं. हात मात्र काम शोधत होते. तिने त्याच्या पायावरची रजई खोचली. मग त्याच्याकडे न बघताच, मुळा किसताना म्हणाली होती त्याच्या उलट जे म्हणायचं होतं, ते म्हणाली. “तू गेलास, तर मी पाटी लावायची कुनाच्या दारी?”

बाहेर छपराच्या कडेवरून पहिला थेंब पडला.

“पाटी हाय कुठं लावायला?” तामोत्सु म्हणाला. “आधी घावली पायजे. बर्फ उतरल्याबिगर घावत न्हाई. आनि इथं बर्फ उतरतं कवा, तर पेरनीच्या तोंडाला.”

“घावली की मग?”

“घावली की ती तुजी. मी फेकल्याली हाय तुज्याकडं. तू तुडीव, मग आन माज्या दारी.” त्याने टोपी कानावर ओढली. “हिसामीला सांगंन, पाटी हरवली हाय. तिला कळंल. कुरोइवाची हाय ती.”

मात्सुएला हिसामीला ते कळेल की नाही याची खात्री नव्हती. मुलगी येईल, रडेल, बापाची कंबर दाखवून भांडेल, आणि तिचंही खोटं असणार नाही. पण तो सगळा पुढचा वाद होता. आज तिने त्याच्या उशाला उरलेला गोळा ठेवला, थर्मास हाताशी दिला, आणि सांगितलं की देवळाच्या वळणावर यंत्रवाला येतो, त्याच्याकडून निरोप धाडून डॉक्टरला वर आणते. तोवर हलायचं नाही आणि खिडकीतून काही फेकायचं नाही.

खिडकीबाहेर ढिगाऱ्यावर बसून तिने सुकारी बांधल्या. वर येताना केलेली वाट एका फेरीची होती, म्हणजे अर्धीच. डॉक्टर त्यावर कमरेपर्यंत रुतला असता. वाट पक्की व्हायची तर परतताना पावलांच्या मधली जागा तुडवायची असते, टाचेला टाच लावून. हेही आईनेच शिकवलेलं. खाली विहिरीच्या घरापासून देवळाच्या वळणापर्यंतचा तुकडा तर अजून कोराच होता, आणि ऊन्ह चढलं की बर्फ चिकटायला लागणार होतं.

“आज पाळी कुनाची म्हनायची?” मागून तामोत्सुने विचारलं.

“गप पड,” मात्सुए म्हणाली, आणि डाव्या पायाची दोरी ओढली. उचल, ठेव, वजन टाक, थांब. बर्फाने सुस्कारा सोडला. मग उजवा.